कॉम्प्युटरची खरखर आणि बद्रीनाथचा तांब्या

चौसाळ्याला हायवेच्या कडेला, टायरवाल्याच्या शेजारी, राधाकिशनचं मोटार भरायचं दुकान. मोटार भरायची म्हणजे बोअरमधली जळालेली पाणबुडी मोटार वर काढायची, आतली काळी पडलेली तार उपसायची आणि नवी तार भरायची. तार भरणारे काय, पुष्कळ असतात. राधाकिशनचं नाव होतं ते कानामुळं. बोअर पाचशे फूट खोल असू दे, हा गडी वर लोखंडी पाइपाला लांब पेचकस टेकवणार, पेचकसाची मूठ कानामागच्या हाडाला लावणार, डोळे मिटणार आणि मग सावकाश सांगणार, "खालचं बुश घासायलंय. चार दिस चालंल. पाचव्या दिशी मला शिव्या देऊ नका."

पाचव्या दिवशी मोटार बंद. लोक म्हणायचे, ह्याच्या कानाला मशीन कळतं. बायको काय म्हणते तेवढं मात्र त्याच कानाला कळायचं नाही, पण ते बाप्यांच्या कानाचं जुनं दुखणं आहे, त्याला औषध नाही.

तर दोन हजार अठराला पावसानं तोंड फिरवलं आणि एकोणीसच्या माघापर्यंत शिवारातली बोअरं एकामागून एक कोरडी ठणठणीत. लोकांनी मोटारी वर ओढून काढल्या, पोत्यात गुंडाळल्या आणि गोठ्यात उभ्या केल्या. मोटार चालतच नाही तर जळणार कशी, आणि जळत नाही तर राधाकिशन भरणार काय? दुकानाला कुलूप लागलं, गडी घरी बसला. लेक नांदायला गेलेली, घरात दोघंच. आता पन्नाशीतला बाप्या दिवसभर घरात बसला की काय होतं ते मला विचारा. पहिल्या आठवड्यात तो डब्यांची झाकणं घट्ट बसवतो. दुसऱ्या आठवड्यात दाराच्या बिजागरीला तेल घालतो. आणि तिसऱ्या आठवड्यापासून बायको कुणाशी बोलते, किती बोलते आणि बोलताना हसते का, इकडं त्याचं ध्यान लागतं.

वच्छलाबाईला मात्र दुष्काळात दुप्पट काम. ती गावातल्या बायकांच्या दूध संस्थेची सचिव, अकरा वर्षांपासून. दोन वर्षांपूर्वी वाऱ्यानं संस्थेच्या खोलीचे पत्रे उडाले, तेव्हापासून संस्थेचा कॉम्प्युटर तिच्या घरी आला. तोही नवा नव्हता, कुणीतरी वापरून वापरून पिवळा पडलेला, वरच्या बाजूची एक प्लास्टिकची पट्टी निघालेली, तिथं तीन बोटं जातील एवढी फट. औंदा चारा छावणी उघडणार म्हणून बायकांच्या गाई-म्हशींची यादी करायची होती. कुणाची म्हैस, वय किती, कानातल्या बिल्ल्याचा नंबर काय, असं सगळं. सव्वाचारशे जनावरं. यादी सोमवारी बीडला द्यायची, तरच त्या जनावरांना छावणीत चारा मिळणार.

उजेड चांगला येतो म्हणून वच्छलाबाईनं कॉम्प्युटर आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आणला. टेबलासकट ओढत आणला, दोन उंबऱ्यांवरून. आणि त्याच दिवशी तो आवाज करायला लागला.

"अवो, ऐकायलात का?" ती म्हणाली. "कसा खरखरायलाय बगा ह्यो."

राधाकिशन बाजेवर पडला होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणी त्याला आवाज ऐकायला बोलावत होतं. गडी ताडकन उठला, सदरा खाली ओढला, केसावरून हात फिरवला. दोन पावलं टाकतो न टाकतो तोवर वच्छलाबाईनं फोन कानाला लावलेला.

"हां, बद्री? वच्छला बोलायली. अरे, आपला कॉम्प्युटर कसातरीच कराय लागलाय रे. येतूस का?"

*आपला* कॉम्प्युटर. *अरे*. आणि *येतूस का*. राधाकिशन होता तिथंच थांबला आणि उठलोच होतो पाय खाजवायला असं दाखवून पाय खाजवत बसला.

"मी बगितला असता की," तो जरा वेळानं म्हणाला.

"मोटार असती तर तुमालाच सांगितलं असतं," ती म्हणाली. "ह्याच्यात संस्थेचं समदं हाय. हात लावू नका."

झालं! बाई सहज बोलून गेली, पण ते "हात लावू नका" राधाकिशनच्या काळजात असं रुतून बसलं की त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. आपल्या घरात, आपल्या बायकोपाशी, आवाज ओळखायचा मान आता दुसऱ्याचा. तो मान परत मिळवायचा, एवढंच त्याच्या डोक्यात.

आता हा बद्रीनाथ कोण, ते सांगते. सिरसाळ्याचा, म्हणजे वच्छलाबाईच्या माहेरचा. शाळेत एका वर्गात होते दोघं. दोन वर्षांपूर्वी त्यानं चौसाळ्याला कॉम्प्युटर आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. माणूस गोरा, केसाला काळा रंग, खिशात बडीशेपेची पुडी. आणि शर्ट पांढरा. गावात टँकर तीन दिवसांनी येतो, माणसं अंगाला ओलं फडकं पुसून आंघोळ झाली म्हणतात, आणि ह्याचा शर्ट दुधासारखा पांढरा! राधाकिशनला तिथंच शंका आली. असल्या दिवसात जो माणूस एवढा पांढरा दिसतो तो सरळ नसणार.

"रामराम दाजी!" बद्रीनाथ दारातून म्हणाला.

"रामराम," राधाकिशन म्हणाला. मनात म्हणाला, दाजी म्हणलं की भाऊ झाला व्हय रे?

वच्छलाबाईनं माठातलं गार पाणी आणलं. तांब्याभर. काठोकाठ. अहो, सकाळीच तिनं नवऱ्याला सांगितलं होतं, की पाणी पुरवायचंय, अर्धा पेलाच प्या. नवऱ्याला अर्धा पेला आणि बद्रीला तांब्या. बरं, प्याला तर प्याला, अर्धं पिऊन उरलेलं ठेवलं तसंच.

मग ती स्टूल ओढून बद्रीनाथच्या उजव्या हाताला बसली. अगदी जवळ. बोलताना त्याच्याकडं वाकायची, तोंड पार त्याच्या कानापाशी न्यायची. तो काहीतरी म्हणाला की हसायची. राधाकिशन स्वयंपाकघराच्या दाराआडून, बिजागरीच्या फटीतून बघत होता. तेल त्यानंच घातलं होतं, त्यामुळं दार वाजतही नव्हतं.

बद्रीनाथनं कॉम्प्युटरचं झाकण काही उघडलं नाही. समोरच्या जाळीतून हवेचं मशीन फुसफुसवून धूळ उडवली, वर पंजा ठेवला आणि म्हणाला, "झालं. आता शांत हाय."

"अरे कुठं शांत? यायलाय की आवाज," वच्छलाबाई त्याच्या कानाशी म्हणाली.

"तो व्होल्टेजचा असंल. बगू दोन दिस."

दोन दिवसांनी परत आला. खाली रबराचे तुकडे लावले. परत दोन दिवसांनी आला, कसल्यातरी तारा बदलल्या. चौथ्यांदा आला तेव्हा त्यानं नुसताच चहा घेतला आणि मान हलवत बसला. खरखर होती तिथंच. राधाकिशनच्या हिशेबी याचा अर्थ उघड होता. ज्याला दुरुस्त करता येतं तो एकदा येतो. जो चारदा येतो तो दुरुस्तीसाठी येत नाही.

तेवढ्यात टँकरपाशी छबुबाईनं आगीत रॉकेल ओतलं. ही छबुबाई संस्थेची सभासद, दोन म्हशींची मालकीण आणि जीभ तिसऱ्या म्हशीएवढी.

"राधाकिशनभाऊ," घागर भरता भरता ती म्हणाली, "तुमचा कॉम्प्युटर लई आजारी हाय म्हणं. डॉक्टर येरझाऱ्या घालायलाय."

"असंल," राधाकिशन म्हणाला.

"डॉक्टर चांगला हाय पण. वास कसा येतो त्याचा, मोगऱ्यावानी."

"तू कावून वास घ्यायलीस त्याचा?"

"म्या कुठं? वारं इकडून वाहायलंय भाऊ, म्या काय करू!" आणि सगळ्या बायका घागरी सोडून हसायला लागल्या.

त्या दिवशी घरी येऊन राधाकिशननं काय केलं माहीत आहे का? लग्नातला पांढरा शर्ट ट्रंकेतून काढला, टँकरच्या पाण्याची अख्खी बादली घेतली आणि त्यात धुतला. बादली! वच्छलाबाई संस्थेतून आली तर दोरीवर शर्ट आणि खाली मातीत ओल.

"हे काय? पाणी कोणतं वापरलंत?"

"पाणीच वापरलं. शर्ट कशात धुत्यात?"

"अवो, दोन दिसाचं पाणी हाय ते! डोस्कं ठिकाणावर हाय का?"

"बद्रीनाथचा शर्ट कोणत्या पाण्यात धुत्यात मग?"

"मला काय म्हाईत? त्याच्या बायकोला इचारा."

"म्हंजे तू इचारलं न्हाईस अजून?"

वच्छलाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं आपण दूध नासलं का ते बघतो. मग काही न बोलता आत गेली. आणि राधाकिशनच्या मनानं घेतलं, की उत्तर दिलं नाही म्हणजे पाणी मुरतंय.

शुक्रवारी वच्छलाबाईला बीडला छावणीच्या बैठकीला जायचं होतं. सकाळच्या एस्टीनं गेली, जाताना परत सांगून गेली, "कॉम्प्युटरपाशी जाऊ नका. यादी त्याच्यातच हाय."

एस्टी हायवेला लागली असेल नसेल, राधाकिशन कॉम्प्युटरपाशी.

अंगात तो पांढरा शर्ट. दाराला आतून कडी. बटण दाबलं, यंत्र घुमायला लागलं. आता पेचकस पाहिजे, तर पेचकस दुकानात. तीन महिन्यांत दुकानाचं कुलूप निघालं नव्हतं. आज शटर वर गेलं की अर्धा हायवे विचारायला येणार, कोणाच्या बोअरला पाणी लागलं म्हणून. त्यानं घरात नजर फिरवली. चूल, डबे, परात, लाटणं. लाटणं! लाकडातून आवाजही येतो आणि शॉकही लागत नाही. त्यानं लाटण्याचं एक टोक यंत्राच्या पत्र्याला लावलं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटले.

बाई, काय सांगू तुम्हाला, तीन महिन्यांनी त्या माणसाच्या तोंडावर रक्त आलं.

पहिल्यांदा त्याला मागच्या कोपऱ्यातली एकसारखी घूं ऐकू आली. तो मागचा पंखा, निरोगी. लाटणं पुढं सरकवलं. मधोमध आलं तशी खर्रर्र, मग थोडं थांबून परत खर्रर्र. बेअरिंगची खरखर अशी थांबून येत नाही, ती लागली की लागली. ही कशाला तरी पातं घासतंय अशी होती. त्यानं यंत्र बंद केलं, रुपयाच्या नाण्यानं स्क्रू फिरवले आणि झाकण काढलं. मध्ये एक छोटा पंखा, त्याच्याखाली ॲल्युमिनियमची बारीक बारीक उभी पाती. परत चालू केलं, खराट्याची काडी पंख्याला नुसती टेकवली. पंखा थांबला, खरखर थांबली. काडी काढली, खरखर सुरू.

"सापडलीस," तो म्हणाला. खरखरीला म्हणाला, पण तोंड त्यानं बद्रीनाथच्या दुकानाच्या दिशेला केलं होतं.

यंत्र बंद करून त्यानं पंख्याखाली काडी घातली. काडीला काहीतरी टणक लागलं. उकरलं तर तांदळाचा दाणा. लाल दाणा. त्याच्यामागून दुसरा, पिवळा. मग एकाला एक चिकटलेले पाच-सहा, आणि झेंडूची वाळून कागद झालेली पाकळी.

राधाकिशननं ते दाणे तळहातावर घेतले.

अक्षता! आणि त्या कुणी टाकल्या? ह्यानंच की! खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची पद्धत. दुकानातले पान्हे, पेचकस, तार गुंडाळायचं यंत्र, सगळ्याला हळद-कुंकू, झेंडू. कॉम्प्युटर घरी आल्यापासून त्याचीही पूजा. आणि गेल्या दसऱ्याला पाऊस नव्हता, मोटारी बंद पडायला लागल्या होत्या, म्हणून ह्यानं सगळ्या यंत्रांना जरा जास्तच हात जोडले होते. ओल्या हळद-कुंकवात कालवलेल्या अक्षता, मूठ भरून, वरून टाकलेल्या. यंत्रं चालू राहू दे रे देवा. त्यातल्या निम्म्या त्या पट्टीच्या फटीतून आत. वाळल्या, चिकटून बसल्या. आणि वच्छलाबाईनं टेबल दोन उंबऱ्यांवरून ओढलं तशा हलून पंख्याच्या पात्यांना लागायला लागल्या. म्हणजे बद्रीनाथला घरात कुणी आणलं? वच्छलाबाईनं नाही. ह्याच्याच मूठभर अक्षतांनी आणलं.

त्यानं एकेक दाणा वेचला आणि कुणाला दिसू नये म्हणून वरच्या खिशात टाकला. यंत्र चालू केलं. खरखर गेली. घर कसं शांत. राधाकिशन बाजेवर बसून मनातल्या मनात तालीम करायला लागला. ती पाचला येणार. ती म्हणणार, अगंबाई, आवाज कुठं गेला? आपण म्हणायचं, जरा कान लावला. एवढंच. जास्त बोलायचं नाही. मग ती म्हणणार, बद्रीला चारदा येऊन जमलं न्हाई की हो. तेव्हा आपण पाणी प्यायचं. तांब्याभर.

आणि तेवढ्यात त्याला दुसरा आवाज ऐकू आला. खरखरीखाली इतके दिवस दडलेला. टिक. बराच वेळ काही नाही. टिक टिक.

त्यानं लाटणं उचललं. आवाज पुढच्या बाजूच्या लोखंडी डबीतून येत होता. त्या डबीला काय म्हणतात ते त्याला ठाऊक नव्हतं. पण असा आवाज त्यानं हजारदा ऐकला होता. आत काहीतरी फिरतंय, अडखळतंय, परत सावरतंय. हे चार दिवसांचंही सोबती नव्हतं. आणि ह्याला काडीनं उकरून काही होणार नव्हतं. त्याला बद्रीनाथच पाहिजे होता.

आता बघा गंमत. न बोलावं तर आज तोच राजा. उद्या परवा डबी मेली तर? तर काय, पहिल्याच दिवशी बद्रीनाथ "शांत हाय" म्हणून गेला होता. सगळं त्याच्या डोक्यावर. वच्छला त्याचं तोंड बघणार नाही. हा विचार राधाकिशनला इतका गोड लागला की तो अर्धा तास तोच चघळत बसला. खोटं कशाला बोलू, माझ्यासारखीनंही चघळला असता.

पण समोर टेबलावर यादीचे कागद पडलेले. त्यावर वच्छलाबाईच्या अक्षरात बिल्ल्यांचे नंबर, बारा-बारा आकडी. ते आकडे तिनं भर उन्हात गोठ्यागोठ्यात जाऊन, जनावरांचे कान हातात धरून लिहून आणले होते. छबुबाईच्या म्हशीनं तिला शिंग मारलं, मनगट सुजलं, तरी डाव्या हातानं लिहिले. म्हणून अर्ध्या कागदांवरचं अक्षर असं वाकडं, तिलाच लागायचं नाही. नीट यादी होती ती फक्त त्या डबीत.

राधाकिशन उठला, चपला घातल्या आणि बद्रीनाथच्या दुकानाकडं निघाला. जाताना शिव्या देत गेला, कुणाला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

बद्रीनाथ खाली मान घालून मोबाइल खोलत होता. राधाकिशन त्याच्या डाव्या बाजूला उभा राहिला.

"बद्रीनाथ."

उत्तर नाही.

"ओ बद्रीनाथ!"

मान वर नाही. राधाकिशनचा पारा चढला. एवढा माज? घरी दाजी दाजी आणि दुकानात ओळख नाही? तो तरातरा दुसऱ्या बाजूला गेला, "बहिरा हायस का बे?" म्हणून ओरडला, तसा बद्रीनाथ दचकून उठला, हातातला स्क्रू खाली पडला.

"दाजी! कव्हा आलात?"

 बद्रीनाथच्या तोंडाचा रंग उतरला होता.

"कव्हाचा हाक मारायलो मी," राधाकिशन हळू म्हणाला. मग मुद्दाम आणखी हळू म्हणाला, "ऐकू येतंय का?"

बद्रीनाथ त्याच्या ओठांकडं बघत होता. "दाजी," तो शेवटी म्हणाला, "डावा तर लहानपणीच गेला. उजवाबी दोन सालापासून कमीकमी व्हायलाय. गावात सांगू नका. लोक म्हणतील, ह्याला ऐकू येत न्हाई तर फोन काय दुरुस्त करणार."

"म्हंजे ती खरखर तुला..."

"एकदाबी ऐकू आली न्हाई. वच्छला म्हणती हाय, तर हाय. म्या आपलं काहीतरी करून यायचो."

"मग तिला म्हाईत हाय हे?"

"तिला शाळेपासून म्हाईत हाय. बाई शिकवायच्या ते ती मला कानात सांगायची. दुसरं कुणाला न्हाई म्हाईत."

घ्या! राधाकिशनची एक आग विझली आणि लगेच दुसरी लागली. ते उजव्या हाताला बसणं, वाकणं, कानापाशी तोंड नेणं, सगळ्याचा उलगडा झाला. पण तीस वर्षं हिनं ह्याचं गुपित पोटात ठेवलं आणि नवऱ्याला सांगितलं नाही? जळणाऱ्या माणसाचं असंच असतं बघा. एक लाकूड काढून घेतलं की तो लगेच दुसरं शोधतो.

"चल," तो म्हणाला. "घरी चल. डबी मरायलीय तिची."

घरी आल्यावर राधाकिशननं लाटण्याचं एक टोक त्या डबीला लावलं आणि दुसरं बद्रीनाथच्या कानामागच्या हाडाला. बद्रीनाथ आधी हसला. मग त्याचं हसू थांबलं.

"टिक," तो म्हणाला. "दाजी, टिक टिक. मला ऐकू यायलंय!"

"हाडानं ऐकू येतं. पाणबुडी तशीच ऐकत्यात."

"ही हार्ड डिस्क हाय. समदं हिच्यात असतं. ही आज ना उद्या गेलीच." बोलता बोलता बद्रीनाथनं खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्या घडीला मात्र त्याचा हात असा चालला की राधाकिशनलाही मान्य करावं लागलं, मनातल्या मनात, कुणाला न ऐकू येईल असं. डबी दोनदा अडली. दोनदा राधाकिशननं लाटणं लावून सांगितलं, "थांब, अडकलीय... आता फिरायली, घे." एक कान लावतोय, एक बटणं दाबतोय. यादी निघाली. सव्वाचारशे जनावरं सुखरूप बाहेर.

पाचच्या एस्टीनं वच्छलाबाई आली. कडी वाजवली. राधाकिशननं दार उघडलं. आत कॉम्प्युटर पोट फाडून पडलेला आणि बद्रीनाथ कानाला लाटणं लावून डोळे मिटून बसलेला.

"माझं लाटणं!" ती ओरडली. आणि मग, "माझी यादी!"

बद्रीनाथनं पेन ड्राइव्ह तिच्या हातावर ठेवला. "यादी ही बग. वच्छला, दाजीनं पकडलं. म्या चारदा येऊन गेलो, मला काईच सापडलं न्हाई. दाजी नसते तर सोमवारी तू रिकाम्या हातानं गेली असतीस."

 ज्या माणसावर राधाकिशननं आठ-दहा दिवस दात धरले, तोच उभा राहून आपलं कौतुक करतोय. हे तर लढाईआधीच समोरच्यानं पटका काढून पायावर ठेवण्यासारखं. त्याचा अगदी रस गेला.

पण वच्छलाबाईचं ध्यान कुठं होतं? नवऱ्याच्या छातीकडं. पांढरा शर्ट, आणि वरच्या खिशातून घामानं उतरलेला लाल डाग.

"हे काय?" ती म्हणाली.

"काय?"

"खिशाला कुंकू कशाचं? मी बीडला, आन तुमी पांढरा शर्ट घालून, आन हे कुंकू? कुणाचं?"

राधाकिशननं खाली बघितलं. त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला आणि आल्यावर त्यानं उत्तर द्यायची काही घाई केली नाही. बायको जळतेय! आपल्यावर! पन्नाशीत! एवढं सुख त्याला कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं.

"असंल कुणाचं तरी," तो म्हणाला.

"कुणाचं? त्या छबुबाईचं?"

"छबुबाईचं नाव तुझ्या तोंडात कसं आलं?"

"टँकरपाशी लई हसायली होती म्हणं तुमच्यासंगं!"

बद्रीनाथनं ओठ वाचले, परिस्थिती वाचली, आणि उरलेली बडीशेप तोंडात टाकून सटकला. मग राधाकिशननं खिशात हात घालून दाणे काढले आणि टेबलावर ठेवले. पाकळीही ठेवली. सांगितलं सगळं, खंडेनवमीपासून. सांगता सांगता त्याचंच तोंड पडलं. वच्छलाबाई आधी ओठ दाबून ऐकत होती, मग पदर तोंडाला लावला, आणि मग जी हसत सुटली ती भिंतीला टेकून खाली बसेपर्यंत.

हसू ओसरल्यावर ती चुलीपाशी गेली, दूध तापायला ठेवलं. राधाकिशन दारात उभा राहिला. इतके दिवस जे विचारायचं होतं ते आता विचारलं.

"मला पयलं कावून न्हाई सांगितलंस? बद्रीला ऐकू येत न्हाई, हे तुला म्हाईत होतं. तरी त्यालाच बोलावलंस."

तिनं चुलीतलं लाकूड जरा मागं ओढलं.

"तुमी गेल्या महिन्यात माझा मिक्सर खोलला," ती म्हणाली. "आठवतंय? अर्धा खोलला आन परत तसाच बांधून ठेवला. म्हणलात, आता मला जमत न्हाई. असं तुमी कव्हाच म्हणलं न्हवतं. मी म्हणलं, ह्या कॉम्प्युटरमधी तुमच्या हातून काही इकडंतिकडं झालं, सव्वाचारशे जनावरांचं गेलं, तर गाव बोलंल, आन तुमी परत पेचकस हातात धरणार न्हाई. मला ते नको होतं."

 राधाकिशनमधला तो जळका किडा परत वळवळला.

"आन बद्रीच्या हातून गेलं असतं तर? गाव त्याला बोललं असतं तर?"

"बोललं असतं तर बोललं असतं," ती म्हणाली. "त्याचं मला काय?"

"काय म्हणलीस?"

"म्हणलं, त्याचं मला काय."

"परत म्हण."

"अवो, सरका, दूध उतू जायलंय!"

"जाऊ दे. परत म्हण."